प्युजो २०५ : बुडत्या कंपनीला तारणारी छोटी गाडी

शीळफाटा (धागाकर्ता)

प्युजो २०५ चं नाव निघालं की बोलणं दोन वाक्यांत जीटीआयवर, म्हणजे तिच्या जोरदार, वेगवान आवृत्तीवर जातं. बंपरवरची लाल पट्टी, वळणात ॲक्सिलरेटर सोडला की सुटू पाहणारं मागचं अंग, रॅलीचे जुने व्हिडिओ. जीटीआय मलाही आवडते. पण या गाडीचा खरा पराक्रम तिच्या साध्या, एक-सव्वा लिटरच्या आणि डिझेलच्या मॉडेलांत आहे असं माझं ठाम मत आहे. त्यासाठीच हा धागा काढतोय.

आधी कंपनीची अवस्था बघा. प्युजोने १९७४ ते ७६ या काळात सिट्रोएन ताब्यात घेतली. ते पचतंय न पचतंय तोच १९७८ मध्ये क्रायसलरचा युरोपातला सगळा पसारा विकत घेतला आणि त्याला टाल्बो हे जुनं नाव चिकटवलं. एकदम फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनमधले कारखाने गळ्यात आले. विक्रेत्यांची जाळी तीन, आणि मॉडेलं अशी की एक दुसरीचंच गिऱ्हाईक पळवणार. वरून तेलाचा दुसरा भडका. ऐंशीचं दशक उजाडलं ते सलग तोट्याच्या वर्षांनी.

त्यातून प्युजोची ओळख काय, तर ५०४ सारख्या मोठ्या, भारदस्त सेदान. डॉक्टर-वकिलांनी घ्याव्यात आणि आफ्रिकेतल्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं पळवाव्यात अशा गाड्या. छोट्या गाड्यांत १९७२ ची १०४ होती. गाडी चांगली, पण रेनॉ ५ समोर तिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं. सुरुवातीला तर तिला मागचं उघडणारं दारही नव्हतं. आकार हॅचबॅकचा आणि मागे मात्र सेदानसारखं डिकीचं झाकण! मागची काच झाकणासकट वर उचलली जाईल अशी सोय १९७६ मध्ये आली.

२०५ चं काम एम२४ या सांकेतिक नावाने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. पिनिनफरिना हे इटलीतले गाड्यांचे रेखाटनकार, प्युजोचे १९५५ च्या ४०३ पासूनचे सल्लागार. त्यांनीही प्रस्ताव दिला होता, पण निवड झाली ती कंपनीच्याच स्टाइल विभागाच्या रेखाटनाची. जेरार वेल्तेर यांच्या हाताखाली ते झालं. आतली बाजू पॉल ब्राक यांची. पिनिनफरिनांच्या नावावर ही गाडी अजूनही सर्रास खपवली जाते. त्यांचा हात लागला तो पुढे १९८६ मध्ये आलेल्या उघड्या टपाच्या आवृत्तीला. वेल्तेर हा माणूसही अफाट. दिवसा घरगुती गाड्या रेखाटायच्या आणि उरलेल्या वेळात मित्राबरोबर ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी स्वतःची गाडी बांधायची. १९८८ मध्ये त्यांच्या गाडीने तिथल्या लांबलचक सरळ रस्त्यावर ताशी ४०५ किमीचा वेग गाठला.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग : मागचं सस्पेन्शन. २०५ ची मागची डिकी उघडून आत वाका. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन्ही बाजूंनी शॉकॲब्सॉर्बरचे उंचवटे आत घुसलेले असतात. इथे ते नाहीत. चाकं मागे ओढल्या जाणाऱ्या दोन हातांवर बसवलेली, आणि स्प्रिंगच्या जागी गाडीच्या रुंदीत आडव्या टाकलेल्या पोलादी सळ्या. चाक वर गेलं की सळी पिळली जाते आणि परत उलगडताना चाकाला खाली दाबते. शॉकॲब्सॉर्बर तर फरशीखाली जवळजवळ झोपवलेले. सगळी यंत्रणा जमिनीलगत, त्यामुळे वर सामानाला भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट जागा. गाडीची लांबी फक्त ३.७ मीटर, तरी मागची सीट दुमडली की धुलाईयंत्र आडवं राहील! शिवाय चाकांना भरपूर चाल मिळते, म्हणून खेड्यातल्या फरसबंद रस्त्यावरही गाडी आदळत नाही. नंतर ज्या जीटीआयची एवढी वाहवा झाली तिचं मागचं अंगही हेच, फक्त सळ्या जाड.

इंजिनाचं म्हणाल तर सुरुवातीची पेट्रोल इंजिनं १०४ मधूनच आली : ९५४, ११२४ आणि १३६० सीसी. प्युजो आणि रेनॉच्या भागीदारीतल्या दूव्ह्रँच्या कारखान्यात ती बनत. सिलिंडर जवळजवळ आडवे होतील इतके मागे कललेले, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली, दोघांना एकच तेल. त्या गिअरांचा बारीक घूं-घूं आवाज जुन्या २०५ मध्ये हमखास ऐकू येतो. १९८७-८८ मध्ये त्यांच्या जागी टीयू मालिकेची इंजिनं आली आणि तो आवाज गेला. पण नाक आखतानाच त्यात एक्सयू हे अगदी वेगळं, मोठं इंजिनही मावेल अशी तजवीज केली होती. हा निर्णय सोन्याचा ठरला. कारण त्याच जागेत १७६९ सीसीचं डिझेल बसलं आणि त्याच जागेत जीटीआयही जन्मली.

२४ फेब्रुवारी १९८३ ला गाडी लोकांसमोर आली, तीही फक्त पाच दारांची. तीन दारांची आवृत्ती आणि जीटीआय १९८४ मध्ये. म्युलूजच्या कारखान्यात सुरुवात झाली, मग माद्रिदच्या व्हियावेर्दे इथे, पुढे आणखीही ठिकाणी. १९९८ ला उत्पादन थांबलं तेव्हा आकडा सुमारे ५२ लाख ७८ हजारांवर गेला होता.

जाणकारांनी भर घालावी.

---

रॅलीरसिक

सुरेख लिहिलंय. मागच्या सस्पेन्शनचं वर्णन वाचून चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण रॅलीला तुम्ही एका ओळीत वाटेला लावलंत, ते काही मला पटलं नाही.

प्युजोवर "म्हाताऱ्यांची गाडी" असा शिक्का होता. तो पुसला कोणी? प्युजोचे तेव्हाचे प्रमुख जाँ बोआलो यांनी २०५ बाजारात यायच्या आधीच स्पर्धा विभाग उभा करायला घेतला आणि त्याची सूत्रं जाँ तोद यांच्या हाती दिली. तोद तेव्हा रॅलीतले सहचालक, म्हणजे शेजारी बसून नकाशा वाचून सांगणारे. पुढे फेरारीचा सुवर्णकाळ घडवणारे आणि मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झालेले तोद ते हेच.

त्यांनी जी गाडी बनवली ती टी१६. बाहेरून २०५ चा चेहरा, आत जवळजवळ सगळंच वेगळं. इंजिन चालकाच्या मागे, चारही चाकांना जोर, मागचं अख्खं अंग बिजागरीवर वर उचललं जातं. ग्रुप बी या रॅलीगाड्यांच्या तेव्हाच्या गटाच्या नियमाप्रमाणे रस्त्यावर चालतील अशा २०० गाड्या बनवणं भाग होतं, त्याही बनवल्या. इंजिनाच्या आकाराची गंमत बघा. टर्बो असेल तर इंजिनाचे सीसी १.४ ने गुणायचे असा नियम होता. १७७५ ला १.४ ने गुणलं की येतात २४८५. अडीच लिटरच्या गटात अगदी काठावर! वजनाची सवलत हातची जाऊ नये म्हणून आकडा उलटा मोजत मोजत इंजिन ठरवलंय.

१९८५ ची माँटे कार्लो रॅली तर मी कधीही विसरणार नाही. आरी वातानेन पुढे होता. एका नाक्यावर वेळेच्या आधी हजेरी लागली म्हणून आठ मिनिटांचा दंड बसला. आठ मिनिटं म्हणजे रॅलीत सगळं संपलं असंच समजायचं. बर्फात, रात्री, आऊडी चालवणाऱ्या वॉल्टर र्‍योर्लला गाठून त्याने ती रॅली पाच मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. त्याच वर्षी अर्जेंटिनात त्याला भयंकर अपघात झाला, जिवावरचं दुखणं होतं. त्या वर्षीचं चालकांचं जगज्जेतेपद टिमो सालोनेनने मिळवलं, १९८६ चं युहा कांकुनेनने. दोन्ही वर्षी कंपन्यांचं विजेतेपद प्युजोकडे. आणि वातानेन? १९८७ च्या डाकार रॅलीत तो परत आला, तोही २०५ टी१६ घेऊन, आणि जिंकला.

हे सगळं रविवारी टीव्हीवर बघितलेला माणूस सोमवारी शोरूममध्ये जाऊन तुमची ती सव्वा लिटरची साधी गाडी घेत होता. रॅली नसती तर ५२ लाखांचा आकडा दिसला नसता.

---

शीळफाटा

@रॅलीरसिक, माँटे कार्लोचा प्रसंग फार छान सांगितलात. नियमाचा १.४ चा हिशोबही इथे यायलाच हवा होता.

रॅलीने नाव केलं हे शंभर टक्के मान्य. पण वेळापत्रक बघा. टी१६ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरली १९८४ च्या मे महिन्यात, कोर्सिकात. पहिला विजय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडला. तोपर्यंत २०५ ला बाजारात दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि कारखाने मागणी पुरवता पुरवता दमले होते. गिऱ्हाईक आधीच आलं होतं.

त्यात डिझेलचा वाटा मोठा. १७६९ सीसी, साठ अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटेल. तेव्हा छोट्या डिझेल गाडीत इतपत जोर म्हणजे नवल होतं. फोक्सवॅगनची गोल्फ डिझेल आधीपासून होती, पण २०५ तिच्यापेक्षा लहान आणि हलकी. ताशी ९० च्या स्थिर वेगाला १०० किमीला चार लिटरच्या आसपास डिझेल. फ्रान्समध्ये डिझेल पेट्रोलहून स्वस्त, त्यामुळे गावोगाव फिरणाऱ्या नर्सेस, विमा एजंट, टपालवाले, शेतकरी सगळे हिच्यावर तुटून पडले. डिझेल म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरचं इंधन, ही समजूत छोट्या गाड्यांपुरती मोडण्यात या गाडीचा वाटा फार मोठा आहे. कुठल्याही चषकापेक्षा मला ते मोठं वाटतं.

---

अनघा_द

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक शंका. याच काळात फियाट उनो पण आली ना? ती तर जास्त गाजली असं वाचल्यासारखं वाटतं.

---

शीळफाटा

@अनघा_द, बरोबर. दोघी एकाच वर्षी, १९८३ च्या सुरुवातीला आल्या. युरोपातला 'वर्षातली सर्वोत्तम गाडी' हा १९८४ चा मान उनोला मिळाला आणि २०५ दुसरी आली. उनो उंच, सरळसोट, आत ऐसपैस. जागेच्या हिशोबात ती सरस होती हे खुल्या मनाने मान्य करतो. चालवायला २०५ उजवी. आणि दिसायला... आज दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर २०५ चं वय कळत नाही.

---

काटईनाका

उनोचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरची गोष्ट सांगतो. युरोपात एकमेकींशी झुंजलेल्या या दोन घराण्यांतल्या गाड्या नव्वदच्या दशकात आपल्याकडे एकाच कंपनीकडे आल्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे पद्मिनीवाले. उनो आली कुर्ल्याला. आणि त्याच्या आधी, १९९४ च्या सुमारास, प्युजो आली कल्याणला. २०५ नव्हे, तिची मोठी बहीण ३०९.

३०९ ची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. ती मुळात प्युजो नव्हतीच. टाल्बो ॲरिझोना या नावाने यायची होती, आरेखन इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं. खर्च वाचवायचा म्हणून सांगाडा २०५ चा घेतला, एवढंच काय, पाच दारांच्या २०५ ची दारंसुद्धा तशीच्या तशी बसवली. मग कंपनीने टाल्बोच्या मोटारींचा गाशा गुंडाळायचं ठरवलं आणि १९८५ मध्ये गाडी प्युजोच्या चिन्हाखाली बाहेर पडली. क्रमाने नाव यायला हवं होतं ३०६, पण ३०५ अजून विकली जात होती, म्हणून एकदम ३०९.

आमच्या काकांकडे कल्याणची ३०९ होती, पेट्रोलची, १३६० सीसी. शीळफाटा ते कल्याण रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था त्या वेळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्या गाड्या गचके खात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. काका तिसऱ्यावर सावकाश निघायचे. मागच्या सीटवर आम्ही तिघं भावंडं, आणि खड्डा गेल्याचं कळायचं ते फक्त टायरच्या आवाजावरून. शीळफाटा यांनी पिळणाऱ्या सळ्यांचं वर्णन केलंय ना, तीच व्यवस्था या गाडीत. आज इतक्या वर्षांनी त्या आरामाचं कारण समजलं, त्याबद्दल मनापासून आभार.

गाडी चालली नाही हे खरं. युरोपात ३०९ चं उत्पादन १९९३ लाच बंद झालं होतं, म्हणजे आपल्याकडे सुरू झाली तेव्हा तिकडे ती जुनी झाली होती. मागे मोठी गोल काच, तिच्यासकट वर उघडणारं दार. एवढे पैसे मोजणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकाला तेव्हा वेगळी डिकी असलेली सेदान हवी असायची. एस्टीम होती, सिएलो आली. त्यात कामगारांचा वाद, भागीदारांचं बिनसलेलं. १९९७-९८ पर्यंत प्युजोने काढता पाय घेतला. कल्याण-डोंबिवलीतल्या कित्येक घरांतली माणसं त्या कारखान्यात होती. आमच्या चाळीतच तिघं. गाडी चांगली बनवत होतो, हे ते अजूनही छाती पुढे काढून सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

---

इगतपुरीचं_धुकं

@काटईनाका, वाचताना अंगावर काटा आला.

प्युजोचा महाराष्ट्राशी संबंध कल्याणच्याही आधीचा आहे. आमच्या इगतपुरीला महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. ऐंशीच्या दशकात तिथे प्युजोच्या परवान्याने डिझेल इंजिनं बनू लागली. एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. एमएम ५४० जीपच्या नावामागे डीपी लागायचं ते याच इंजिनाचं. पुढे २.५ लिटरचं एक्सडी३पी आलं. ते आर्माडात होतं, सुरुवातीच्या बोलेरोतही होतं. गावाकडच्या वडाप जीपा ज्या इंजिनावर दहा-पंधरा माणसं कोंबून घाट चढल्या, ते मूळचं फ्रेंच.

स्पष्ट सांगतो, ही २०५ ची इंजिनं नव्हेत. २०५ चं एक्सयूडी हे नंतरचं, हलकं घराणं. पण डिझेलची जी विद्या प्युजोकडे मुरलेली होती ती या जुन्या इंजिनांतूनच आली, ४०४ आणि ५०४ च्या जमान्यातून.

आणि आणखी एक. मारुतीची झेन डिझेल आठवते? तिच्यात १५२७ सीसीचं टीयूडी इंजिन, तेही प्युजोचंच. कल्याणच्या डिझेल ३०९ मध्येही तेच घराणं.

---

रॅलीरसिक

झेन डिझेलचं माहीत नव्हतं. वा!

@शीळफाटा, साध्या मॉडेलबद्दल तुमचं म्हणणं आता जास्त पटतंय. पण मग साध्या आणि जीटीआयच्या मधली एक गाडी तुमच्या नजरेतून सुटू नये : १९८८ ची रॅली आवृत्ती. १२९४ सीसी, दोन कार्ब्युरेटर, १०३ अश्वशक्ती, वजन ८०० किलोच्या आत. पांढरा रंग, साधे पोलादी रिम, आत गरजेपुरतंच. जीटीआयच्या १.९ ला १३० अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, ती महाग. ही हौशी पोरांनी शनिवार-रविवारच्या स्पर्धांत पळवायची म्हणून केलेली. माझ्या मते २०५ च्या सगळ्या भावंडांत हीच सर्वांत अस्सल.

---

अनघा_द

एवढी चालणारी गाडी होती, मग कंपनीने तिचीच पुढची पिढी का नाही काढली? २०६ तर फार उशिरा आली ना?

---

शीळफाटा

@अनघा_द, या प्रश्नावर मला खरंच हळहळ वाटते. प्युजोने असा विचार केला की २०५ ची जागा दोन गाड्यांनी भरून काढू. खालून १९९१ मध्ये १०६ आणली, वरून १९९३ मध्ये ३०६. दोन्ही उत्तम. ३०६ तर चालवायला त्या दशकातल्या सर्वोत्तम गाड्यांपैकी एक. पण मधल्या मापाचं गिऱ्हाईक ना खाली सरकलं ना वर. ते गेलं रेनॉ क्लिओकडे आणि फोर्ड फिएस्टाकडे. म्हणून तर नवी गाडी नसताना २०५ ला १९९८ पर्यंत रेटावं लागलं, शेवटची काही वर्षं मोजकीच मॉडेलं ठेवून. अखेर त्याच वर्षी २०६ आली आणि तिने २०५ पेक्षाही जास्त खप केला. म्हणजे बाजार तिथेच होता. पाच-सात वर्षं तो दुसऱ्यांना आंदण दिला.

---

मधुरा_ल्योन

नमस्कार. मी बरीच वर्षं वाचनमात्र होते, या धाग्यामुळे लिहायला घेतलं. मी ल्योनला राहते. इथे २०५ अजून दिसते, पण आता शहरापेक्षा आसपासच्या खेड्यांत. शेजारच्या आजींकडे १९९० ची पाच दारांची, १.१ पेट्रोल, फिकट निळी आहे. त्या गाडी चालवणं थांबवतायत आणि मला विचारलंय, घेतेस का म्हणून. आतलं कापड उन्हाने विटलंय, बाकी नीट वाटते. नवऱ्याचं म्हणणं, जुनी गाडी म्हणजे खर्चाला आमंत्रण. तुम्ही जाणकार आहात, बघताना नेमकं काय बघू?

आणि सोशोला प्युजोचं संग्रहालय आहे, तिथे टी१६ समोरून पाहिलीय. @रॅलीरसिक, फोटोत दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात ती खूप रुंद आहे. मागच्या चाकांवरचं अंग बाहेर फुगलेलं, आणि बाजूला हवा ओढायच्या एवढ्या मोठ्या झडपा. कॉफी दळायच्या आणि मिरी कुटायच्या यंत्रांचा मोठा संग्रहही तिथेच. ती पण याच घराण्याने केलेली. कधी या बाजूला आलात तर जरूर बघा.

---

शीळफाटा

@मधुरा_ल्योन, स्वागत! १९९० ची १.१ म्हणजे टीयू इंजिन, आतल्या झडपा चालवायला साखळीऐवजी दाताळा पट्टा असलेलं. आजींकडे पावत्या असतील तर पट्टा शेवटचा कधी बदलला ते आधी विचारा. पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदलून टाका, तो तुटला तर इंजिन हातचं जातं. जिथे गाडी उभी असते तिथली जमीन बघा, तेलाचे डाग कुठे आहेत ते. हेड गॅस्केटचं (इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधल्या सीलचं) दुखणं या इंजिनांत असतं, म्हणून थंड इंजिनावर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत तेलकट साय आहे का पाहा.

पण सर्वांत महत्त्वाचं मागचं ॲक्सल. ज्याचं मी एवढं कौतुक केलं तोच या गाडीचा एक नाजूक भाग आहे. ते ओढले जाणारे हात नळीच्या आत बारीक दांड्यांच्या बेअरिंगवर फिरतात. आत पाणी शिरलं की ती बेअरिंगं गंजतात आणि नळीच झिजायला लागते. गाडी सपाट जागी उभी करा, मागे दहा पावलं जा, खाली बसा आणि दोन्ही मागची चाकं बघा. सरळ उभी असतील तर उत्तम. चाकांचे माथे आत झुकलेले दिसले तर ॲक्सल गेलंय असं समजा. मग मागचा कोपरा हाताने दाबून सोडा. करकर आवाज आला किंवा अंग वर यायला कुरकुरलं तर तीच खूण. दुरुस्त केलेलं ॲक्सल तिकडे अजून मिळतं, पण त्याची किंमत आजींशी बोलताना हिशोबात धरा.

चाकं सरळ असतील तर मात्र नवऱ्याला समजवा आणि घेऊन टाका. इथे फोटो नक्की टाका, डिकी उघडून आतला सपाट मजला दिसेल असा एक हवाच.